राक्षसाचा प्राण आणि बंदिवान स्त्रीचा प्रश्न

राक्षसाचा प्राण पोपटांत असतो, हें महाराष्ट्रांतील लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. कोठें तरी दूर रानांत एक पिंजरा टांगलेला आहे, त्यांत एक पोपट आहे, आणि त्या पोपटाची मान मुरगळल्याखेरीज राक्षसावर कितीही घाव घातले तरी ते व्यर्थ, ही कल्पना आमच्या बोलण्यांत पुरती मुरून गेली आहे. एखाद्या कृपण सावकाराचा प्राण त्याच्या तिजोरींत आहे असें आपण म्हणतों, तेव्हां एका फार जुन्या कथेचा आपण आधार घेत आहों, याचें आपणांस भानही राहत नाहीं. नेमकी हीच कल्पना रशियांतील शेतकऱ्यांच्या कथांत आहे, सर्बियांतील कथांत आहे, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांच्या कथांतही आहे. प्रस्तुत लेखांत स्लाव आणि केल्ट या दोन लोकसमूहांच्या कथांतील या समान सूत्राचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असल्या तुलनेंत एक धोका असतो, तो आरंभींच सांगितलेला बरा. दोन दूरच्या देशांतील कथांत एकच वस्तु आढळली, कीं अभ्यासकाचें चित्त त्या वस्तूवरच खिळतें. ही वस्तु कोठून आली, कोणी कोणापासून घेतली, मूळ कोणाचें, या प्रश्नांपलीकडे तो जात नाहीं; आणि कथा मात्र कथा म्हणून वाचावयाची राहून जाते. आमच्या मतें या कथांचें मर्म अंड्यांत नाहीं आणि पोपटांतही नाहीं. तें आहे एका बंदिवान स्त्रीनें विचारलेल्या प्रश्नांत. तें कसें, हें दाखविण्याकरितां प्रथम दोन कथा शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं.

पहिली रशियाची. अलेक्सांदर अफनास्येव यानें १८५५ ते १८६३ या काळांत रशियन लोककथांचा आपला प्रसिद्ध संग्रह आठ भागांत छापविला. त्यांतील एका कथेंत कोश्चेई नांवाचा अमर दैत्य एका राणीला पळवून नेतो. तिचा धाकटा मुलगा इवान तिच्या शोधार्थ निघतो आणि दैत्याच्या घरीं पोंचतो. आई मुलाला लपविते, आणि दैत्य परत आला म्हणजे गोड बोलून त्याला विचारते, कीं तुझें मरण कोठें आहे? दैत्य म्हणतो, उंबऱ्याखालीं पडलेल्या त्या झाडूंत. तो बाहेर गेल्यावर ती त्या झाडूला सोन्याचा मुलामा देते, फिती बांधते आणि तो मेजावर मांडते. दैत्य येऊन विचारतो, हें काय? ती म्हणते, तुझें मरण असें उंबऱ्याखालीं लोळत पडावें हें बरें दिसतें काय? दैत्य हंसतो आणि सांगतो, कीं ती थट्टा होती. मरण खरोखर कुंपणांत बसविलेलें आहे. ती सारें कुंपण सोन्यानें मढविते. तेव्हां मात्र तो खरें सांगतो. अमुक ठिकाणीं एक ओक वृक्ष आहे, त्याखालीं पेटी आहे, पेटींत ससा, सशांत बदक, बदकांत अंडें आणि त्या अंड्यांत मरण. पुढें लांडगा ससा धरून देतो, कावळा बदक धरतो, समुद्रांत पडलेलें अंडें मासा वर आणतो. इवान तें अंडें चुरडतो आणि दैत्य मरतो.

दुसरी कथा स्कॉटलंडमधील आयला बेटावरची. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यानें पश्चिम हायलंड्समधील गेलिक कथा मिळवून १८६० ते १८६२ मध्यें चार खंडांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या खंडाच्या अगदीं आरंभीं 'एसी रूआचा तरुण राजा' ही कथा आहे. ती आयला बेटावरील जेम्स विल्सन नांवाच्या एका अंध फिडलवादकाच्या तोंडून घेतलेली आहे. येथें राक्षस राजाची तरुण पत्नी पळवून नेतो. राजा माग काढीत जातो. वाटेंत अरण्यांतील सडपातळ कुत्रा, खडकावरचा ससाणा आणि नदींतील ऊद यांच्याकडे एकेक रात्र पाहुणचार घेतो. आणि राक्षसाच्या घरीं पोंचल्यावर राणी त्याला लपविते. राणी राक्षसाला विचारते, तुझा प्राण कोठें ठेविला आहेस? तो एक दगड दाखवितो. ती तो दगड सजविते. राक्षस हंसतो आणि म्हणतो, प्राण उंबऱ्यांत आहे. ती उंबरा सजविते. प्राण तेथें आहे, मग त्याची निगा राखावयास नको काय, असें ती सांगते. तेव्हां राक्षस खरें बोलतो. उंबऱ्याखालीं एक मोठी फरशी आहे, फरशीखालीं मेंढा, मेंढ्याच्या पोटांत बदक, बदकाच्या पोटांत अंडें आणि अंड्यांत प्राण. कुत्रा मेंढा धरतो, ससाणा बदक धरतो, समुद्रांत पडलेलें अंडें ऊद आणतो. आणि तें अंडें राणी स्वतः आपल्या दोन्ही हातांत चुरडते.

या दोन कथांचा सांगाडा किती नेमका जुळतो, हें निराळें सांगावयास नको. दोन खोट्या उत्तरांनंतर तिसरें खरें उत्तर, चतुष्पाद प्राणी, त्याच्या पोटांत बदक, त्यांत अंडें. आणि जमीन, आकाश व जल यांचे तीन सहाय्यक. दोन्ही संग्रह जवळजवळ एकाच वेळीं छापले गेले, तेव्हां एकानें दुसऱ्याचें पुस्तक वाचून कथा रचली अशी शंकाही घेतां येत नाहीं. कथाप्रकारांची जी आंतरराष्ट्रीय सूची १९१० मध्यें आंटी आर्ने यानें आरंभिली, १९२८ मध्यें स्टिथ थॉम्प्सन यानें वाढविली व २००४ मध्यें हान्स-यॉर्ग उथर यानें नव्यानें सिद्ध केली, तींत या कथेला ३०२ हा क्रमांक आहे. परंतु क्रमांक दिल्यानें सारखेपणाची नोंद होते. फरकाची होत नाहीं. आणि आम्हांस येथें जितकें महत्त्व साम्याचें वाटतें, तितकेंच फरकाचें वाटतें.

पहिला फरक शब्दाचा आहे. रशियन कथेंत अंड्यांत आहे तें 'मरण'. गेलिक कथेंत अंड्यांत आहे तो 'प्राण' किंवा आत्मा. सर्बियन कथेंत याहून तिसराच शब्द येतो. वुक कारादझिच यानें १८५३ मध्यें व्हिएन्ना येथें छापलेल्या संग्रहांत एका राजपुत्राची व अजगराची कथा आहे. तेथें अजगराच्या घरीं अडकून पडलेली एक म्हातारी राजपुत्राच्या सांगण्यावरून अजगराला विचारते, कीं तुझी शक्ति कशांत आहे? तो प्रथम चूल दाखवितो. ती चुलीचे मुके घेते. मग तो दारापुढचें झाड दाखवितो. ती झाडाला मिठी मारते. अखेरीस तो सांगतो, कीं दूरच्या एका राज्यांतील सरोवरांत दुसरा एक अजगर आहे, त्याच्या पोटांत रानडुक्कर, त्यांत ससा, सशांत कबूतर, कबूतरांत चिमणी आणि चिमणींत 'शक्ति'. मरण, शक्ति आणि प्राण या तीन शब्दांवरून तीन निरनिराळ्या भीति दिसून येतात. रशियन दैत्यानें आपल्या मरणाला देहाबाहेर हद्दपार केलें आहे. तें जोंपर्यंत दूर आहे तोंपर्यंत तो अमर आहे. सर्बियन अजगरानें आपलें बळ ठेव म्हणून दुसरीकडे ठेविलें आहे. आयलाच्या राक्षसानें स्वतःचा आत्माच काढून पुरला आहे, आणि उरलेल्या देहानें तो हिंडतो फिरतो.

दुसरा फरक जागेचा आहे, आणि तो अधिक सूचक आहे. स्लाव कथांत ही ठेव बहुधा फार दूर असते. तेथवर जाण्यांतच नायकाचा पराक्रम खर्ची पडतो. आयलाच्या कथेंत ती राक्षसाच्या स्वतःच्या उंबऱ्याखालींच आहे. दुसऱ्या वेळीं तो जें खोटें बोलला, त्याच्या बरोबर खालीं सत्य पुरलेलें होतें. राणी जो उंबरा सजवीत बसली होती, त्याच उंबऱ्यावर पाय देऊन राक्षस रोज जात येत होता. केल्टिक कथांत सर्वत्र असेंच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कॅम्बेलच्याच संग्रहांत इन्व्हरेरीजवळील केनमोर गांवच्या जॉन मॅकेन्झी नांवाच्या कोळ्यानें सांगितलेली 'सागरकन्या' ही कथा आहे. तींत प्राण सरोवरांतील बेटावर आहे. हरिणींतून कावळा, कावळ्यांतून मासा आणि माशाच्या तोंडांत अंडें अशी तेथली परंपरा आहे.

आतां या साम्याची उपपत्ति कशी लावावयाची? विद्वानांनीं दोन मार्ग सुचविले आहेत. थेओडोर बेन्फाय यानें १८५९ मध्यें पंचतंत्राच्या आपल्या जर्मन भाषांतरास जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेंत असें प्रतिपादन केलें, कीं युरोपांतील बऱ्याचशा अद्भुत कथा हिंदुस्थानांतून तिकडे गेल्या. जेम्स फ्रेझर यानें १८९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'सुवर्णशाखा' या ग्रंथांत निराळाच मार्ग धरिला. त्याच्या मतें, आत्मा देहाबाहेर काढून एखाद्या सुरक्षित जागीं ठेवितां येतो, अशी प्राचीन मानवाची खरोखरीची श्रद्धा होती, आणि या कथा म्हणजे त्या श्रद्धेचे अवशेष होत. त्यानें जगभरच्या कथांची जी रांग लाविली, तींत कोश्चेई आहे, गेलिक राक्षस आहे आणि आमच्या दख्खनांतील एक कथाही आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

पैकीं बेन्फायचें मत आम्हां हिंदी लोकांस फार सुखावतें, आणि म्हणूनच त्याकडे अधिक सावधपणें पाहिलें पाहिजे. जगांतील सर्व चांगल्या गोष्टी आमच्याकडून गेल्या, असें कोणीं परक्यानें म्हटलें कीं आम्ही पुरावा मागावयाचें विसरतों. पण ब्रिटिश म्यूझिअममध्यें इसवी सनापूर्वी सुमारें १२०० वर्षांच्या काळांतील एक पपायरस आहे, आणि त्यावर दोन भावांची एक मिसरी कथा लिहिलेली आहे. तींत बाता नांवाचा धाकटा भाऊ आपलें हृदय काढून एका झाडाच्या फुलावर ठेवितो. तें झाड तोडलें जातें तेव्हां तो मरतो, आणि हें रहस्य फुटतें तें त्याच्या पत्नीच्या द्वारें. पंचतंत्र ज्या काळीं लिहिलें गेलें, त्याच्या कित्येक शतकें आधीं ही कल्पना नाईलच्या कांठीं लेखनिविष्ट झाली होती. मूळ भूमीचा मान कोणा एका देशाला देऊन हा वाद मिटण्यासारखा नाहीं.

फ्रेझरच्या मताविषयीं आमची तक्रार निराळी आहे. श्रद्धेचा अवशेष म्हणून अंड्याचा उलगडा होईल. पण सोन्यानें मढविलेल्या झाडूचा उलगडा कसा व्हावा? प्राण देहाबाहेर ठेवतां येतो एवढेंच सांगावयाचें असतें, तर दैत्यानें पहिल्या प्रश्नालाच खरें उत्तर देऊन भागलें असतें. दोनदां खोटें बोलणें, त्या खोट्या जागेची स्त्रीनें पूजा करणें, दैत्याचें हंसणें आणि मग सत्याचा उच्चार, हा सारा भाग कोणत्याही प्राचीन विधीचा अवशेष नव्हे. ही एका घरांत राहणाऱ्या दोन माणसांमधील गोष्ट आहे. रशिया, सर्बिया आणि आयला या तिन्ही ठिकाणीं ती जवळजवळ सारख्या तपशिलानें टिकून राहिली, याचा अर्थ असा कीं, सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना ती अंड्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, आवश्यक वाटत होती.

ती काय सांगते? दैत्य खोटें बोलतो, कारण त्याला विश्वास नाहीं. ज्या स्त्रीला आपण बळानें आणिलें, ती आपलें मरण कोठें आहे हें कशासाठीं विचारीत आहे, हें त्याला कळत नाहीं असें नाहीं. परंतु परत येऊन तो पाहतो, तों उंबऱ्याखालचा जुना झाडू सोन्यानें झळकत मेजावर ठेविलेला आहे. आपण ज्यास प्राण म्हटलें त्या क्षुद्र वस्तूचीही ही स्त्री इतकी काळजी घेते, हें पाहून तो हंसतो. त्या हंसण्यांत उपहास आहे, परंतु त्यांतच त्याचा बांध फुटतो. ज्याला कोणीं कधीं प्रेमानें विचारलें नाहीं, त्याला कोणीं तरी विचारावें अशी भूक आहे. आणि तिसऱ्या वेळीं तो शहाणपणापेक्षां त्या भुकेला अधिक मान देतो. त्याचें मरण खरोखर तेव्हांच ठरतें. ओक वृक्ष, पेटी, ससा आणि बदक हा पुढचा सारा प्रवास त्या एका वाक्याचा परिणाम होय. जो सर्व शस्त्रांना पुरून उरतो, तो आपल्यावर कोणीं प्रेम करावें या इच्छेला पुरून उरत नाहीं, हा या कथांचा अर्थ आहे. आणि हा अर्थ स्लाव नाहीं कीं केल्टिक नाहीं.

येथपर्यंत दोन्ही लोकसमूह बरोबर चालतात. परंतु याच प्रश्नाचा निवाडा करावयाची वेळ आली म्हणजे वाटा फुटतात, आणि त्या कोठें फुटतात हें पाहण्यासारखें आहे. आयर्लंडच्या प्राचीन वीरकथांत कू रोई या मन्स्टरच्या बलाढ्य राजाच्या मृत्यूची कथा आहे. एका स्वारींत हातीं लागलेली ब्लाथ्नात ही स्त्री, वांटणीचा तंटा होऊन, कू रोई बळजबरीनें घेऊन जातो, आणि आडव्या आलेल्या कू खुलिनचा अपमान करतो. ब्लाथ्नातचें मन कू खुलिनवर आहे. कथेच्या एका पाठांत ती कू रोईकडून त्याच्या प्राणाचें रहस्य काढून घेते. तो प्राण एका झऱ्यांतील सामन माशाच्या पोटांत असलेल्या सोन्याच्या सफरचंदांत आहे. दुर्ग हल्ल्यास मोकळा आहे अशी खूण म्हणून ती ओढ्यांत दूध ओतते. पांढरें पाणी पाहून शत्रु आंत शिरतात आणि कू रोई मारला जातो. पण कथा येथें संपत नाहीं. राजाचा कवि फेरखेर्त्ने ब्लाथ्नातला मिठींत धरून कड्याच्या टोंकावरून तिच्यासह स्वतःला लोटून देतो.

वेल्सच्या 'माबिनोगी'मधील लेउची कथा याच जातीची आहे. लेउला मनुष्यजातींतील पत्नी मिळूं नये असा त्याच्या आईचा शाप, म्हणून दोन जादूगार फुलांपासून त्याच्याकरितां एक स्त्री निर्माण करतात. तिचें नांव ब्लोदेउवेद. ती दुसऱ्या पुरुषावर अनुरक्त होते, आणि काळजीचा आव आणून नवऱ्याला विचारते, तुला मरण कसें येईल? येथें अंडें नाहीं. नदीकांठीं स्नानाची जागा करावी, तिच्यावर छप्पर घालावें, आणि एक पाय बोकडाच्या पाठीवर व एक पाय स्नानपात्राच्या कडेवर ठेवून तो उभा असतांच, वर्षभर खपून केलेल्या भाल्यानें त्याला मारावें, अशी एक जवळजवळ अशक्य परिस्थिति आहे. ती परिस्थिति ती घडवून आणते. पुढें लेउ वांचतो आणि तिला घुबडाचें रूप मिळतें. ब्लाथ्नात आणि ब्लोदेउवेद या दोन्ही नांवांत फुलाचा अर्थ आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एक लुटींत मिळालेली, दुसरी मागणीप्रमाणें घडविलेली. आपल्या नवऱ्याची निवड करण्याची संधि दोघींपैकीं एकीलाही मिळाली नव्हती.

आतां वाचकांनीं विचार करावा. कोश्चेईच्या घरची राणी आणि कू रोईच्या दुर्गांतील ब्लाथ्नात यांच्या स्थितींत फरक तो कोणता? दोघींना बळानें नेलें आहे. दोघींनीं आपल्या धन्याला गोड बोलून त्याचें मरण विचारलें आहे. दोघींनीं तें बाहेरच्या पुरुषाला कळविलें आहे. तरी एकीच्या चातुर्याची आपण वाखाणणी करतों, आणि दुसरीला कड्यावरून लोटणारा कवि स्वामिनिष्ठ ठरतो. घटना एकच, निवाडा उलटा.

हा फरक स्लाव व केल्ट यांच्या स्वभावाचा आहे असें कोणी म्हणेल. पण आयलाची राणी केल्टिकच आहे, आणि तिच्या हातून अंडें फुटतांना कथा आनंदानेंच संपते. उलट रशियांतही दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे. तेथील वीरगीतांत इवान गोदिनोविच याचें एक गीत आहे. किर्शा दानीलोवच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अठराव्या शतकांतील संग्रहांतही तें आढळतें. तेथें कीएव्हचा वीर एका मुलीला तिच्या बापाच्या घरून जबरदस्तीनें आणतो. तिला आधींच मागणी घातलेला कोश्चेई वाटेंत गांठतो. ती कोश्चेईची बाजू घेते. आणि कोश्चेई मेल्यावर वीर तिचे अवयव एकामागून एक तोडून तिला ठार मारतो. येथें नांव कोश्चेईचेंच आहे, भाषाही रशियनच. परंतु न्याय आयर्लंडच्या वीरकथेचा आहे. म्हणजे विभागणी दोन वंशांत नसून दोन कथाप्रकारांत आहे. वीरकथा पुरुषाच्या कीर्तीकरितां सांगितली जाते. तिच्या सभेंत राजाचा कवि बसलेला असतो, आणि स्त्रीच्या तोंडून गुपित बाहेर पडणें हा तेथें सर्वांत मोठा अपराध. अद्भुत कथा घरांत, चुलीपुढें, कामकरी माणसांच्या तोंडून सांगितली जाते. तिच्यांत पळवून नेणाऱ्याला नांव असलेंच तर तें दैत्याचें. त्याच्या बाजूनें रडावयास कवि नसतो.

यावर एक आक्षेप संभवतो. रशियन वीरगीतें गाणारे देखील शेतकरीच होते. एकोणिसाव्या शतकांत ओनेगा सरोवराच्या परिसरांत तीं त्यांच्याच तोंडून उतरून घेतलीं गेलीं. मग सांगणाऱ्याच्या जातीवरून किंवा धंद्यावरून हा भेद कसा ठरवितां येईल? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच आम्ही असें म्हणत नाहीं कीं गरिबाची कथा नेहमींच स्त्रीला न्याय देते. एकच शेतकरी वीरगीत गातांना राजाच्या सभेंत बसतो आणि अद्भुत कथा सांगतांना आपल्या घरीं येतो. सांगणारा कोण यापेक्षां, कथा कोणाच्या बाजूला उभी राहून सांगितली जाते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. इतकें मात्र खरें, कीं पळविलेल्या स्त्रीच्या बाजूला उभें राहण्याची जागा लोकांनीं आपल्या घरगुती कथेंत राखून ठेविली, आणि ती विस्तीर्ण भूभागावर, निरनिराळ्या भाषांत, शतकानुशतकें जतन केली.

आतां दख्खनच्या ज्या कथेचा आम्हीं वर उल्लेख केला, तिच्याकडे वळूं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिनें १८६८ मध्यें लंडन येथें 'ओल्ड डेक्कन डेज' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील कथा तिला ॲना लिबेराता डिसूझा या आयेनें सांगितल्या, आणि ॲनानें त्या आपल्या आजीपासून ऐकिल्या होत्या. पंचकिन जादूगाराची कथा त्यांतील पहिली. पंचकिन बालना राणीला बारा वर्षें बंदींत ठेवितो. तिचा मुलगा मोठा होऊन वेषांतरानें तिच्याकडे येतो, आणि त्याच्या सांगण्यावरून ती लग्नाचें आमिष दाखवून जादूगाराला विचारते, कीं तुला मरण नाहींच काय? तो सांगून टाकतो. दूरच्या निबिड अरण्यांत ताडांच्या वर्तुळामध्यें पाण्याच्या सहा घागरी एकावर एक रचलेल्या आहेत, त्यांच्या खालीं एक पिंजरा आहे आणि त्यांत हिरवा पोपट आहे. येथें सोन्याचा झाडू नाहीं. दोन खोटीं उत्तरें नाहींत. पण आई विचारते आणि मुलगा जातो, ही योजना रशियन कथेंतल्यासारखीच आहे. आणि बालनेला अखेरीस कोणीं दोष देत नाहीं, हा निवाडाही तोच आहे.

पंचकिनची कथा रशियांतून आली कीं रशियांत गेली, याचें उत्तर मिळालें नाहीं म्हणून आम्हांस तितकासा खेद होत नाहीं. आमच्या मतें या पुस्तकाचें खरें मोल दुसऱ्याच एका गोष्टींत आहे. मेरी फ्रिअरनें कथांच्या आधीं ॲनाच्या आयुष्याची हकीकत तिच्याच शब्दांत दिली आहे. कॅम्बेलनेंही अंध फिडलवादकाचें व केनमोरच्या कोळ्याचें नांव आपल्या पुस्तकांत नोंदविलें. अफनास्येवच्या बहुतेक कथांना असें नांव नाहीं. कोश्चेईच्या घरची ती आई, तिचा सोन्याचा झाडू आणि तिचा प्रश्न कोणत्या स्त्रीच्या अथवा पुरुषाच्या तोंडून कागदावर आला, हें त्या पानावर लिहिलेलें नाहीं.

महाराष्ट्रांत आजही जे कोणी लोककथा मिळवून छापीत आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति आहे, कीं त्यांनीं राक्षसाचा प्राण कोठें होता इतकें टिपून थांबूं नये. पोपट कीं भुंगा कीं अंडें, हें क्रमांक लावणारे पाहून घेतील. राणीनें विचारलें तें कसें, किती वेळां, कोणत्या शब्दांत. राक्षस खोटें बोलला कीं खरें. आणि शेवटीं सांगणारीनें राणीविषयीं काय म्हटलें, हें जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि त्याखालीं सांगणारीचें नांव तिच्या संमतीनें लिहावें. आयलाचा फिडलवादक आणि दख्खनची आया यांच्या कथा एकमेकींशीं ताडून पाहणें आज शक्य झालें, तें कोणीं तरी असें लिहून ठेविलें म्हणून.